हिरवं चालू, लाल बंद

सहा बांगड्या बायकोने फरशीवर एका ओळीत मांडल्या आणि म्हणाली, "डोळे मिटा."

मी मिटले. सकाळचे सात-साडेसात झाले असतील. नळ येऊन गेलेला, पिंप भरलेलं, माझा डबा दाराजवळ तयार. मला दिव्याहून लोकलने ठाण्याला जायचं होतं आणि तिथून बसने वर्तकनगरला, कॉम्प्युटरच्या वर्गाला. वय बावन्न आणि वर्गाला.

"फटीतून बघू नका."

"नाही बघत."

"बघताय. पापणी हलतेय तुमची. शाळेत पण असंच करत असणार, म्हणून चौथीत राहिलात."

काच फरशीवर घासल्याचा आवाज झाला. तिने बांगड्या बदलल्या. "उघडा. बंद कुठले सांगा."

चार हिरव्या होत्या, दोन लाल. एक बांगडी म्हणजे एक पंप. मी बघितलं, बोट दाखवलं आणि म्हटलं, "एक, तीन, चार, सहा."

"ते चालू आहेत. तुम्ही हिरव्या दाखवल्यात. गेलं अख्खं कल्याण पाण्याविना. आता येतील बोंबलत बायका तुमच्या ऑफिसवर."

"अगं, वीस वर्षं माझ्या डोळ्यात लाल म्हणजे चालू बसलंय."

"वीस वर्षं मी सांगतेय ओला टॉवेल गादीवर टाकू नका. तुमच्या वीस वर्षांना माझ्याकडे काही किंमत नाही. मिटा डोळे."

पुन्हा मिटले. दुसऱ्यांदा एक चुकलो. तिसऱ्यांदा सगळं बरोबर आलं. चौथ्यांदा तिने मुद्दाम सहाच्या सहा हिरव्या मांडल्या, मला फसवायला. मी म्हटलं, "एकही बंद नाही." ती हसली. बांगड्या गोळा करून डब्यात टाकल्या आणि म्हणाली, "जा आता. आज जमेल तुम्हाला."

मी गेलो. आमचं दोघांचं एकत्र केलेलं शेवटचं काम ते.

बांगड्यांचं काय होतं ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाल.

मी पाण्याच्या प्लांटवर होतो. कल्याणच्या पुढे नदीच्या काठावर. नदीचं पाणी उचलायचं, तुरटी घालून गाळ खाली बसवायचा, वाळूच्या बेडमधून गाळायचं, क्लोरीन मारायचं आणि मोठ्या पंपांनी टाक्यांवर चढवायचं. बिगारी म्हणून लागलो. दहा वर्षं खाली फिल्टर बेडवर काढली, मग वर पंपांच्या पॅनेलवर घेतलं. पॅनेल म्हणजे लोखंडाचं भिंतीएवढं कपाट. त्यावर प्रत्येक पंपाचे दोन दिवे. लाल पेटला की पंप चालू, हिरवा पेटला की बंद. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. आम्हाला वाटत नाही. लाल म्हणजे आत करंट आहे, हात घालशील तर मरशील. हिरवा म्हणजे बंद आहे, पाना घेऊन जा. ज्याने हे पहिल्यांदा ठरवलं त्याने पंपाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार केलेला.

नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर प्लांटवर कॉम्प्युटर आले. साहेबाने आम्हा सगळ्या ऑपरेटरना उभं केलं आणि सांगितलं की आता पॅनेलला हात लावायचा नाही. स्क्रीनवर पंप दिसणार, तिथेच चालू करायचे, तिथेच बंद करायचे. कंपनी तुम्हाला शिकवेल, तीन आठवडे. शेवटी परीक्षा. पास होईल तो वर कंट्रोल रूममध्ये खुर्चीवर. नापास होईल तो खाली फिल्टर बेडवर.

खाली म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. कायम ओली फरशी, लोखंडी जिना, दिवसातून वीस वेळा वर-खाली. दहा वर्षांत माझे गुडघे तिथेच गेलेले. उकिडवं बसलो की उठताना भिंत लागायची. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही.

"खुर्ची सोडायची नाही," ती म्हणाली. "तुमचे गुडघे म्हातारपणी मलाच चोळायचेत. मला दुसरी कामं आहेत."

तिचं शिक्षण सातवी. रोह्याच्या बाजूची. माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढे आणि ते तिने कधी विसरू दिलं नाही. आम्हाला मूल नव्हतं. विचारणारे पुष्कळ भेटले, उत्तर द्यावंसं आम्हाला वाटलं नाही.

वर्ग भरायचा वर्तकनगरला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. टेबलांवर सहा कॉम्प्युटर आणि आम्ही अकराजण. शिकवायला कंपनीने एक मुलगी पाठवलेली, पुण्याची, इंजिनिअर, पंचविशीतली. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला काका. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकाच्या हातात माउस दिला. माझ्या शेजारी भिवंडीकडच्या गावचा आमचा एक आगरी ऑपरेटर बसायचा, मोठ्या आवाजाचा. त्याने माउस उचलून पोटाखालचं बघितलं, परत ठेवला आणि म्हणाला, "यो उंदीर मना नाय चालवाचा. चावंल."

सगळे हसले, मॅडम पण हसली. मग तिने स्क्रीनवर आमचा प्लांट दाखवला. टाक्या, बेड, पाइप, सहा पंप, सगळं चित्रातलं. चार पंप हिरवे दिसत होते.

मी म्हटलं, "मॅडम, चार पंप बंद का ठेवलेत?"

"बंद नाहीत काका, चालू आहेत. हिरवा म्हणजे चालू."

"आमच्याकडे लाल म्हणजे चालू."

"हो, जुन्या पॅनेलवर असतं तसं. पण आता सगळीकडे हेच आहे. सिग्नलला बघता ना? हिरवा झाला की जायचं."

"सिग्नलला मी बसमध्ये बसलेला असतो," मी म्हटलं. "पंपाजवळ मी उभा असतो. उद्या कोणी हिरवा बघून पंपात हात घालेल तेव्हा सिग्नल आठवा."

मला असं बोलायची सवय आहे, गोड बोलणं जमत नाही. ती पोरगी चिडली नाही. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुढे शिकवायला लागली.

सगळेच चुकायचे. डोक्याला कळायचं, हाताला कळायचं नाही. अलार्म वाजला की हात आपोआप उलट्या पंपाकडे जायचा. पण बाकीच्यांना निदान इंग्रजी अक्षरं वाचता यायची. स्टार्ट आणि स्टॉप इंग्रजीत लिहिले की सुरुवात दोघांची सारखीच, आणि मला इंग्रजी म्हणजे माशीचे पाय. हे मी वर्गात सांगितलं नाही. घरी सांगितलं.

तिने कागद घेतला, दोन्ही शब्द मला काढायला लावले, जसे दिसले तसे. थोडा वेळ बघत बसली. मग म्हणाली, "लांब आहे तो चालू, आखूड आहे तो बंद. वाचायचं कशाला? मोजा."

ते एका दिवसात जमलं. रंगाचं जमेना. तेव्हा तिने बांगड्यांचा डबा काढला. हिरव्या चुड्यातल्या उरलेल्या आणि कुठल्यातरी जत्रेत घेतलेल्या लाल. रोज सकाळी निघायच्या आधी ती सहा मांडायची. मी चुकलो की चुकलेली बांगडी उचलून माझ्या गुडघ्यावर टकटक मारायची, दुखऱ्या गुडघ्यावरच. एक दिवस मी वैतागलो, म्हटलं हे माझ्या डोक्यात शिरणार नाही. तिने स्वतःचा हात माझ्या तोंडासमोर धरला, मनगटातल्या बांगड्या हलवल्या.

"बाईच्या हातात हिरव्या आहेत म्हणजे घर चालू आहे. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरा."

हे शिरलं. तीन आठवडे मॅडमने जे सांगितलं ते शिरलं नाही, हे एका वाक्यात शिरलं.

तर त्या दिवशी मी वर्तकनगरला गेलो. परीक्षा दोन दिवसांवर. मॅडमने सराव म्हणून प्रत्येकाला दहा प्रश्न घातले. टाकी भरली, काय कराल. तीन नंबरचा पंप ट्रिप होऊन बंद पडला, काय कराल. माझे दहाच्या दहा बरोबर आले. पहिल्यांदाच.

"काका, आज काय खाऊन आलात?" तिने विचारलं.

"घरी मास्तरीण ठेवलीय."

आगरी म्हणाला, "वैनीला सांग आमची पन शिकवणी घेव. डबा लावू."

आम्ही हसत होतो तेव्हा सोसायटीचा वॉचमन चिठ्ठी घेऊन आला. माझ्या बिल्डिंगमधून कोणीतरी प्लांटवर फोन केलेला, प्लांटवरून सोसायटीच्या ऑफिसात. घरी या, तब्येत. एवढंच लिहिलेलं. कुणाची ते लिहायची गरज नव्हती. घरात दोघंच.

जिना चढलो तर आमच्या दाराबाहेर चपला. एवढ्या चपला आमच्या दाराबाहेर कधी नव्हत्या. तिथेच मला कळलं, आत जायच्या आधी.

शेजारणीने सांगितलं. दोघी गॅलरीत बसून मेथी निवडत होत्या. ती म्हणाली, जरा गरगरतंय गं, आणि भिंतीला टेकली. शेजारणीला वाटलं ऊन लागलं. पाणी आणायला आत गेली आणि बाहेर आली तोवर झालेलं. डॉक्टर आला तो फक्त सांगायला आला.

मग बायकांनी मला बाहेर बसवलं आणि दार लोटलं. बऱ्याच वेळाने आत बोलावलं. तिला हिरवी साडी नेसवलेली. कपाळभर कुंकू. ओटी भरलेली. आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, कोपराच्या बऱ्याच जवळ येतील इतक्या. घरातला डबा उघडून त्यातल्या सगळ्या हिरव्या त्यांनी तिच्या हातात भरलेल्या. सवाष्ण गेली, नशीबवान, असं कोणीतरी म्हणालं. मग दुसरी म्हणाली. मग सगळ्याच म्हणायला लागल्या.

मी हातांकडे बघत होतो. सकाळी त्या फरशीवर होत्या. माझं डोकं मूर्खासारखं एकच म्हणत होतं, चालू, चालू, चालू.

अग्नी मीच दिला. दुसरं होतं कोण?

तेरा दिवस घरात माणसं होती. रोह्याहून तिचा भाऊ आलेला, त्याची बायको, गावचे दोघे-तिघे. परीक्षेचा दिवस त्यातच गेला. मेहुण्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं की परीक्षा होती.

"भावोजी, आता कशाला ती खुर्ची न बिर्ची?" तो म्हणाला. "एकटा जीव. कुठेही बसवतील तिथे बसा."

"मी एकटा नव्हतो तेव्हाही मला कुठेही बसवत होते," मी म्हटलं. "ही खुर्ची तिने सांगितलीय."

वाईट माणूस नाही तो. तेराव्याचं जेवण झालं आणि संध्याकाळपर्यंत सगळे गेले. जाताना त्याच्या बायकोने घर झाडून, भांडी लावून दिली. इतकी नीट लावली की मला दुसऱ्या दिवशी चहाचं गाळणं सापडेना.

एकटं राहणं म्हणजे काय ते मला पाणी भरताना कळलं. दिव्याला नळ येतो तो पाऊण तास. पाणी भरणं हे दोन माणसांचं काम आहे. एकाने नळी धरायची, एकाने भरलेलं भांडं सरकवून रिकामं पुढे करायचं. एकट्याने नळी सोडून भांडं सरकवेपर्यंत पाणी फरशीवर, फरशीवरून जिन्यावर. खालचा ओरडला, "अहो पाणीखातं, जिना कशाला धुताय?" नेहमी असं काही झालं की ती वरून त्याला दोन शब्द सुनवायची आणि विषय संपायचा. मी तोंड उघडलं आणि मला काही आलंच नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, घरात मी पण बोलतो. बोलायची तीच. मी नुसती उत्तरं द्यायचो.

प्लांटवरून निरोप आला की मॅडमने माझी परीक्षा राखून ठेवलीय, एकट्याची. कधी येताय सांगा. सराव करावा म्हणून मी बांगड्यांचा डबा उघडला. आत लाल तेवढ्या होत्या. नुसत्या लाल मांडून सराव होत नाही. डबा बंद केला आणि सांगून टाकलं, उद्या येतो.

हॉल मोकळा होता. पाच कॉम्प्युटर झाकलेले, एक चालू. मॅडम उठून उभी राहिली, काहीतरी बोलायला गेली, मी म्हटलं, "प्रश्न घाला."

तिने घातले. वीस होते. टाकी भरत आली, एक पंप बंद करा. मी हिरव्यावर गेलो, आखूड शब्द दाबला. हिरव्याचा लाल झाला. नदीचं पाणी गढूळ आलं. क्लोरीनचा अलार्म. पंप दोन ट्रिप, त्याच्या जागी दुसरा लावा. मी लालवर गेलो, लांब शब्द दाबला. लालचा हिरवा झाला. हात एकदाही अडखळला नाही. प्रत्येक वेळी मला फरशी दिसत होती, आणि गुडघ्यावर टकटक होत नव्हती, म्हणजे बरोबर आहे.

"वीसपैकी वीस," ती म्हणाली. "कुणालाच नव्हते पडले काका. खुर्ची तुमची."

मी नमस्कार केला आणि खाली आलो. बस स्टॉपवर दोन बस आल्या आणि गेल्या. घाई कशाची करायची? ती बातमी जिला हवी होती ती घरी नव्हती. शेवटी स्टॉपवरच्या एका माणसाला मी सांगितलं, अनोळखी माणूस, हातात भाजीची पिशवी. म्हटलं, "मी आज पास झालो." तो म्हणाला, "कसली परीक्षा?" मी म्हटलं, "पाण्याची." तो दोन पावलं बाजूला सरकला.

चार दिवसांनी प्लांटवर नवीन सिस्टिम सुरू झाली. कंट्रोल रूमला रंग मारलेला, थंड हवेचं मशीन, दोन स्क्रीन, फिरणारी खुर्ची. पहिली पाळी माझी लावलेली. साहेब होते, आगरी होता, सगळी बॅच चहा घेऊन मागे उभी. मॅडम पण आलेली आणि ती खूश दिसत होती. माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्यासाठी एक गोष्ट केलीय. बघा."

मी स्क्रीनवर बघितलं. चार लाल, दोन हिरवे.

"रंग बदलून घेतले," ती म्हणाली. "तुमच्या जुन्या पॅनेलसारखे. लाल चालू, हिरवा बंद. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ते मी लिहून ठेवलेलं. तुमच्याकडे असं झाल्यावर मला राहवेना. पुण्याला साहेबांशी भांडले. म्हटलं, या लोकांनी का बदलायचं, आपण बदलू."

मागून आगरी ओरडला, "जियो मॅडम! आता कशी माणसात आली मशीन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

मी विचारलं, "किती दिवस लागले बदलायला?"

"दिवस कसले काका. परवानगी मिळायला वेळ गेला. बदलायला दोन मिनिटं."

दोन मिनिटं. आमची तीन आठवड्यांची सकाळ.

मला मॅडमवर रागावता येईना. तिने माझ्यासाठीच केलेलं, आणि मी जे मागितलं तेच केलेलं. माझं म्हणणं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. मी "बरं केलंत" म्हटलं आणि खुर्चीत बसलो.

दहाच्या सुमाराला डोंबिवलीकडच्या टाकीचा अलार्म लागला. टाकी भरली, एक पंप कमी करा. साधी गोष्ट. चार पंप चालू होते, चार लाल. माझा हात हिरव्यावर गेला. आखूड शब्द दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. अलार्म वाजतोच आहे. मी दुसऱ्या हिरव्यावर गेलो, तो दाबला. काही नाही. मी म्हटलं, "मॅडम, मशीन ऐकत नाही."

आगरी पुढे वाकला. "आरं, ते बंदच हायेत! बंदाला काय बंद करतंस? लालवर जा!" त्यानेच माझ्या खांद्यावरून हात घालून माउस हलवला आणि पंप बंद केला. तिकडे टाकीवरून पाणी वाहिलं, पाच-सात मिनिटं. जास्त नाही. मागे कोणीतरी हसलं, "वीसपैकी वीसवाले!"

अकराजणांत असा चुकणारा मी एकटाच होतो. बाकीच्यांना नवीन कधी पुरतं जमलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना जुनं विसरायची वेळ आलेली नव्हती.

मॅडम माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली. तिचा चेहरा पडलेला. "सॉरी काका. पण दोनच दिवस. वीस वर्षांची सवय आहे तुमची, आपोआप परत येईल."

ती बरोबर बोलत होती. मला माहीत होतं येईल. दुपारपर्यंत यायला लागली पण. दोन वाजता पाळी संपेस्तोवर माझा डोळा लालवर जाऊन चालू म्हणायला लागलेला. आणखी दोन दिवस बसलो असतो तर हिरवं चालू, लाल बंद, हे माझ्या डोक्यातून धुवून निघालं असतं, जसं कधी नव्हतंच. बायकोने जाताना माझ्याकडे ठेवलेलं तेवढंच होतं. साडी, भांडी, फोटो, हे घरात असतं. हे हातात होतं.

आणि दोन्ही डोक्यात ठेवून त्या खुर्चीत बसता येत नाही. तिथे एक चुकीचा हात म्हणजे अर्ध्या गावाचं पाणी, नाहीतर पंपाजवळ उभा असलेला एखादा माणूस. मी तेवढा बेजबाबदार नाही. एक काहीतरी सोडायला लागणार होतं.

ती असती तर म्हणाली असती, अक्कल गहाण ठेवलीत का, गुडघे बघा आधी. ती असती तर तिने बांगड्या उलट्या मांडून दोन दिवसांत मला परत सरळ केलं असतं. ती नव्हती, म्हणून तर हे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो. घरून तीन ओळी लिहून नेलेल्या, माझ्या हाताने. खुर्ची नको, फिल्टर बेडवर पाठवा, तब्येत ठीक आहे.

साहेबांनी दोनदा वाचलं. "अहो, लोक खुर्चीसाठी वशिले लावतात. कालच्या चुकीमुळे का? ती मी लिहिली पण नाही कुठे."

"चुकीमुळे नाही."

"मग?"

"मला खालचं काम येतं," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. मी गमबूट घातले आणि लोखंडी जिन्याने खाली उतरलो, एका वेळी एक पायरी, कठडा धरून. तीन नंबरचा बेड धुवायला आलेला. त्याचं पाणी उतरवलं, हवा सोडली, मग खालून उलटं पाणी चढवायचा व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी फिरवला. वाळू उकळल्यासारखी वर आली. पाणी आधी चहासारखं काळपट वाहिलं, मग ताकासारखं, मग तळ दिसायला लागला. मी व्हॉल्व्ह बंद केला, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि चार नंबरकडे गेलो.